पोचलो

अनू देवतळे चंद्रपूरहून आली
मेच्या दुसऱ्या आठवड्यात.
"याला ऊन म्हणता तुम्ही?" म्हणाली
आणि पर्समधून यादी काढली,
अकरा ठिकाणं, नंबर घालून.
म्हटलं, ठेव तिथं पंख्याखाली,
उडाली तर उडाली.

सकाळी सहाला तिला रंकाळ्यावर घेऊन गेलो.
चहाच्या टपरीवर मी कुणालातरी तसंच सांगत होतो,
ती मध्येच थांबवून : "तू आत्ता 'गेलो' म्हणालीस?"
आमच्यात बायका जातो, येतो, जेवतो.
शाळेत बाईंनी पट्टी मारून बघितली होती.
पट्टी मोडली.

तळ्याचं पाणी खाली गेलेलं,
संध्यामठ कमरेपर्यंत उघडा,
दगडावर शेवाळाची रेघ, सरलेल्या पावसाळ्याच्या उंचीची.
हसूरकर मास्तर स्टुलावर, मांडीवर बोर्ड.
"मे महिन्यात कागद वॉश धरत न्हाई,
ब्रश टेकतोय तवर वाळतोय.
म्हणून उन्हाच्या आधी यायचं
आणि कमी बोलायचं."
आम्ही कमी बोललो.
म्हशी उतरल्या तेव्हा त्यांनी पाण्याला
काळा लावला नाही, जांभळा लावला,
आणि अनूनं मान वळवून
खऱ्या पाण्याकडं बघितलं, जरा संशयानं.

मग मिसळ.
यादीतलं दुकान ओलांडून, बोळाच्या तोंडाशी,
पाटी नसलेलं. रंगरावनं झाऱ्यानं पातेलं वाजवून दाखवलं :
"कट संपला. उद्या या."
साडेनऊच वाजलेत!
"संपला म्हंजे संपला, ताई. पाणी घालून वाढवू व्हय?"
असा प्रामाणिकपणा, की माणूस उपाशी राहतो.
समोर गगनबावड्याची मावशी बसलेली,
पानाच्या द्रोणात करवंदं.
दातानं फोडायचं आणि बघायचं, कोंबडा की कोंबडी.
अनूला सलग चार कोंबड्या.
पाचव्याला ती रस्त्यात ओरडली
आणि कुणीही वळून बघितलं नाही.

दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून फरशीवर झोपलो.
लग्नसराईचे सतरा ब्लाउज
खुंटीवरून माझ्याकडं बघत होते.
मी पाठ फिरवली.

संध्याकाळी मंडळाच्या हॉलमध्ये गाणं.
पूरियाधनाश्री नुकता उघडत होता आणि लाइट गेली.
बिजलीवरचा तंबोरा मुका.
नेर्लेकरबाई थांबल्या,
अजून एक पायरी आहे समजून
पाय टाकावा, तशा.
इलाही मुल्लाला बोलावलं, कुलरवाल्याला.
बॅटरी दातात धरून त्यानं फ्यूज बघितला :
"डीपीच उडालीया. तास तरी लागंल."
आणि घरी जाण्याऐवजी स्टेजमागं गेला,
खोळीतला जुना तंबोरा काढला,
बाहीनं पुसला, तारा छेडल्या. तोंड वाकडं केलं.
"जवारीला दोरा पायजे. हाय का कुणाकडं सुती?"
सगळा हॉल माझ्याकडं वळला.
शिंपिणीच्या पर्समध्ये रीळ असतंच.
चार तुकडे तोडून दिले.
त्यानं ते तारांखाली सरकवले,
अंधारात, नुसत्या बोटानं, नुसत्या कानानं,
एकेक तार आपलं म्हणणं लांबवू लागेपर्यंत.

मग बाई गायल्या.
माइक नाही, पंखा नाही,
पातळाच्या पदरांचा वारा तेवढा.
वाहवा कुणी म्हणालं नाही.
मागून एकजण फक्त "आऽय!" म्हणाला,
दाराला बोट चेमटल्यासारखा.
अनूनं हळूच विचारलं, "त्यांना काय झालं?"
म्हटलं, दाद झाली.

रात्री गंगावेशीत दूध.
म्हैस समोर, पेला तिच्याखाली, फेस आधी, दूध नंतर.
दोन पेल्यांनंतर अनू म्हणाली,
उद्या कट संपायच्या आत जायचं.
गेलो. मिळाला.
तिच्या डोळ्यांतून पाणी आलं तरी
तिनं परत वाढायला वाटी पुढं केली.

चौथ्या दिवशी फोन.
गाडीचा आवाज अजून तिच्या कानात, जोरात बोलत होती :
"पोचलो!"
मी काही बोललो नाही त्यावर.
विचारलं, जेवलीस का?

यादी पंख्याखालीच होती, उडाली नव्हती.
मागची बाजू कोरी.
तिच्यावर मी पाटलांच्या सुनेचं
माप लिहून घेतलं.